लहान क्लबचा नाद

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे पुण्याचे. दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी लंडनला आले, घर ब्रॉमलीत. ऑफिसातला एक जण त्यांना ब्रॉमली या फुटबॉल क्लबच्या सामन्याला घेऊन गेला. लीग टू, म्हणजे वरून मोजलं तर चौथी पायरी. पाऊस, ०-०, खेळ सुमार. तरी शेजारी उभा असलेला सत्तरीचा म्हातारा शेवटपर्यंत ओरडत होता आणि निघताना "मंगळवारी भेटू" म्हणून गेला. यांना प्रश्न पडला: ही माणसं येतात कशाला? आयुष्यभर असल्या क्लबच्या मागे लागण्यात काही शहाणपण आहे का? शिवाय त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला मँचेस्टर सिटीचा शर्ट हवाय, त्याचं काय करायचं?

शहाणपण नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणी बोलता येईल. मी १९८२ पासून विम्बल्डन फुटबॉल क्लबचा माणूस आहे. एवढ्या वर्षांत तिकिटं, गाड्या, पार्किंग आणि गार चहा यांवर किती पैसे गेले त्याचा हिशेब बायकोने एकदा मांडायला घेतला होता. मीच तिला थांबवलं.

माझा जन्म कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या नोकरीमुळे इकडे आलो. त्याआधी आजोबांचं बोट धरून शाहू स्टेडियमवर सामने बघितलेले. आपल्याकडे बाकी महाराष्ट्राला हे नीटसं ठाऊक नसतं, पण कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल ही नावं ऐकूनच तिथला माणूस ताठ बसतो. कुस्तीच्या आखाड्यांची नावं फुटबॉलच्या शर्टावर आली आणि त्यांच्यासोबत पेठेची इज्जतही आली. तिथे संघ कुणी निवडत नाही. आपण कुठल्या गल्लीत वाढलो त्यावर ते ठरून गेलेलं असतं. आजोबांचा संघ कुठला ते इथे सांगत नाही. कोल्हापूरची मंडळी वाचत असतील, उगाच भांडण नको.

लंडनला आलो ते विम्बल्डनच्या शेजारी. फुटबॉल म्हणजे शनिवारी टीव्हीवर दिसणारे लिव्हरपूल नि आर्सेनल, एवढंच माहीत. शेजारचे एक पोस्टमन काका दर पंधरा दिवसांनी दुपारी मफलर गुंडाळून निघायचे. मी कुतूहलाने बघत राहायचो. एके दिवशी त्यांनी वडिलांना विचारलं, पोराला नेऊ का? वडील घाबरले. त्या काळात काही मैदानांबाहेर नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाचे लोक पत्रकं विकायचे आणि मैदानात आपल्या रंगाच्या माणसांना काय काय ऐकावं लागायचं हे त्यांना माहीत होतं. आईनेच "जाऊ दे" म्हटलं. प्लाऊ लेनचं जुनं मैदान, चौथी डिव्हिजन, दोनेक हजार माणसं. स्कोअर आठवत नाही. आठवतं ते असं, की दारावरच्या माणसाने काकांना "गुडघा कसा आहे?" म्हणून विचारलं आणि लगेच माझ्याकडे बघून "हा कोण?" काका म्हणाले, "आमच्या रस्त्यावरचा आहे." बस. ही पेठच होती, भाषा तेवढी वेगळी.

आता एक कबुली. मी लहान क्लबवर बोलायला फारसा लायक माणूस नाही, कारण माझा लहान क्लब मध्येच भलताच मोठा झाला. १९८३ मध्ये चौथ्या डिव्हिजनमध्ये पहिले, १९८६ मध्ये थेट सर्वोच्च डिव्हिजनमध्ये आणि १४ मे १९८८ रोजी वेम्ब्लीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-०. लॉरी सांचेझचं हेडर, आणि जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी डेव्ह बेझंटने अडवली. वेम्ब्लीवरच्या एफए कप अंतिम सामन्यात पेनल्टी वाया जाण्याची ती पहिलीच वेळ. मी सतरा वर्षांचा होतो. त्या दिवशी मला वाटलं होतं की आता असंच चालणार. सतराव्या वर्षी माणसाला असंच वाटतं.

पुढे काय झालं ते तुम्हाला सांगणं भाग आहे, कारण तुमच्या "ही माणसं येतात कशाला" याचं माझ्याकडचं उत्तर तिथेच आहे.

१९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या डिव्हिजनच्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या असल्याच पाहिजेत असं ठरलं. प्लाऊ लेन त्यात बसणारं नव्हतं. १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. दुसऱ्याच्या घरात बारा वर्षं. ज्याने भाड्याच्या खोलीत गणपती बसवलाय त्याला कळेल. सगळं यथासांग होतं, पण आपण पाहुणे आहोत हे क्षणभरही विसरता येत नाही. २००० मध्ये प्रीमियर लीगमधून खाली आलो, तारीख पुन्हा १४ मे. कप जिंकल्याला बरोबर बारा वर्षं झाली होती. मग मालकांनी क्लब मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं. ते लंडनच्या बाहेर, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. २८ मे २००२ रोजी तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मताने परवानगी दिली. विम्बल्डन नावाने राखेतून नवा क्लब उभा करणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असं त्यांच्या अहवालात लिहिलेलं होतं. ते वाक्य आमच्यात अजून उपरोधाने वापरतात. एखाद्याने मैदानावर दुसऱ्यांदा पाय, म्हणजे भरलेली पेस्ट्री, मागितली, की "व्यापक हिताचं नाही" म्हणायचं.

मग आम्ही समर्थकांनीच एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला. दोन दिवसांत सभा आणि सहा आठवड्यांत संघ. २९ जूनला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे सार्वजनिक मोकळ्या माळावर, खेळाडूंची निवड चाचणी ठेवली. कुणीही या. दोनशेहून जास्त जण आले, त्यात काही जण पोट सुटलेले. मी त्यांच्यात नव्हतो, पण मोह झाला होता. १० जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना. ४,६५७ माणसं. आत शिरायला रांग इतकी लांब, की सामना उशिरा सुरू करावा लागला. आम्ही ४-० ने हरलो. मी आजवर बघितलेल्या सामन्यांत इतका आनंद कुठल्याच पराभवाने दिला नाही.

त्या हंगामात आम्ही कंबाइंड काउंटीज लीगमध्ये होतो, म्हणजे नवव्या पायरीवर. मैदानाभोवती लोखंडी कठडा, एका बाजूला छोटी शेड, दुसऱ्या बाजूला झुडपं. चेंडू झुडपात गेला की गोलकीपर स्वतः शोधायला जायचा. गावातल्या क्लबवाल्यांनी सँडविचं वीस माणसांपुरती केलेली असायची आणि आम्ही जायचो हजार-दोन हजार. त्यांच्या बायका-पोरं चहाच्या किटल्या घेऊन पळायची. काही क्लबांनी नंतर सांगितलं, की त्या एका सामन्याच्या गल्ल्यातून त्यांच्या शेडचं छप्पर झालं. तिथून नऊ वर्षांत पाच बढत्या. मध्ये फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात लीगमध्ये सलग ७८ सामने हरलो नाही. २१ मे २०११ रोजी मँचेस्टरला ल्यूटनविरुद्ध ०-०, पेनल्टीत ४-३, आणि आम्ही पुन्हा फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत. हरलेल्या ल्यूटनचंही बघा. ते पुढे प्रीमियर लीगपर्यंत चढले, धडाधड खाली आले आणि २०२५ मध्ये पुन्हा आमच्याच डिव्हिजनमध्ये येऊन बसले. या खेळात कुणाला हसू नये.

तर २००२ च्या त्या मे महिन्यात आमच्याकडे खेळाडू नव्हते, मैदान नव्हतं, लीगमधली जागा नव्हती. आपल्या नावाचा कागदसुद्धा नव्हता. उरली होती ती फक्त दर पंधरा दिवसांनी येणारी माणसं. नंतर कळलं की तेवढ्यावर भागतं.

मोठ्या क्लबच्या चाहत्याला मी नावं ठेवत नाही. पण तो गिऱ्हाईक असतो. तो गेला नाही तर त्याच्या खुर्चीसाठी मागे हजारोंची रांग आहे. लहान क्लबात तुम्ही सभासद असता. आमच्याकडे तर अक्षरशः. क्लबची सूत्रं डॉन्स ट्रस्ट या समर्थकांच्या संस्थेकडे आहेत आणि तिथे एका सभासदाला एक मत. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला कधी गेला असाल तर पुढचं सांगायला नको. तीच ती लांबण, "अध्यक्ष महोदय" म्हणत उठणारे तेच ते चार जण, आणि लाखो पौंडांचा विषय पाच मिनिटांत मंजूर करून शर्टावरच्या पट्टीच्या रंगावर पाऊण तास भांडण. मी त्या भांडणात बोललोय. माझी बाजू हरली.

गंमत सोडा, ते भांडण महागाचंही असतं. प्लाऊ लेनवर परत जायचं ठरलं, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, जिथे आधी कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं तिथे. बांधकाम सुरू असताना २०१९ च्या अखेरीला पैसे कमी पडले. बाहेरच्या गुंतवणूकदाराला मोठा हिस्सा द्या, म्हणजे प्रश्न मिटला, असं म्हणणारे आमच्यातच होते आणि ते मूर्ख नव्हते. शेवटी समर्थकांनीच बाँड काढले आणि त्यात पन्नास लाखांहून जास्त पौंड जमले. मी घरी न विचारता किती टाकले ते इथे लिहिणार नाही. आपल्याकडे मंडळाची वर्गणी देताना कुणी "परतावा किती" म्हणून विचारत नाही. तसंच काहीसं, फक्त पावतीवर आकडा मोठा.

मग ३ नोव्हेंबर २०२० रोजी, एकोणतीस वर्षांनी, प्लाऊ लेनवर पहिला सामना झाला. डॉनकॅस्टरविरुद्ध २-२. कोविडमुळे स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नाही. ज्यांनी ते बांधलं त्यांनी घरी लॅपटॉपवर बघितलं. पोस्टमन काका त्याआधीच गेले होते. मी त्यांचा मफलर खुर्चीच्या पाठीवर टाकून बसलो होतो, बायको काही बोलली नाही.

तुम्ही म्हणता खेळ सुमार असतो. असतोच. खोटं कशाला बोलू? लीग टूमध्ये पहिला टच लांब जातो, फेब्रुवारीत चिखल असतो, चेंडू बराच वेळ हवेत असतो. पण तुम्ही तो टीव्हीवरच्या खेळाशी ताडून बघताय, तिथे चूक होते. वीस सामने एकाच संघाचे, एकाच जागेवरून बघा. मग कळायला लागतं की डावा बॅक उजव्या पायावर चेंडू आला की बावरतो, सेंटर फॉरवर्ड गेल्या महिन्यापासून पाठ जपून उडी मारतोय, आणि अकादमीतून आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला आज पहिल्यांदा कॉर्नर घ्यायला दिलाय. तो कॉर्नर पहिल्याच बचावपटूच्या डोक्यावर जातो आणि तरी अख्खा स्टँड टाळ्या वाजवतो. बाहेरच्याला ते वेड वाटतं.

खेळाडूंत मात्र फार जीव गुंतवू नका. चांगला निघाला तर जानेवारीत विकला जातो, बरा निघाला तर करार संपतो. २०१६ मध्ये वेम्ब्लीवर प्लायमथला २-० हरवून आम्ही लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर गेलो. दुसरा गोल पेनल्टीवर अकिनफेन्वाचा, आमचा पहाडासारखा लाडका माणूस. त्याचा करार तिथेच संपत होता. पठ्ठ्याने सामना संपल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोरच सांगितलं, की मी आता बेरोजगार आहे, कुणा मॅनेजरला हवा असेन तर व्हॉट्सॲप करा. या पायरीवर खेळाडू असा जगतो. त्याच्यावर ओरडताना हे लक्षात ठेवा. मीही ओरडतो, पण आईबहिणीवर जात नाही.

आता तुमच्या कामाचं. माझा क्लब घेऊ नका. तुमचं घर ब्रॉमलीत आहे ना? मग ब्रॉमलीच. १८९२ चा क्लब, आणि फुटबॉल लीगमध्ये पहिल्यांदा पोचला तो २०२४ मध्ये, वेम्ब्लीवर पेनल्टीत जिंकून. एकशे बत्तीस वर्षं! त्या म्हाताऱ्याने यातली पन्नास तरी बघितली असतील. गोष्ट आकर्षक आहे म्हणून लांबचा क्लब धरणारे लोक येतात, दोन हंगामांत गळतात. चालत किंवा बसने जाता आलं पाहिजे. मंगळवारी रात्री पावणेआठचा सामना, बाहेर दोन अंश तापमान, ऑफिसात डोकं उठलेलं. अशा वेळी पाऊल घराबाहेर पडतं ते फक्त अंतर कमी असेल तरच.

पहिल्याच वर्षी सीझन तिकीट काढू नका. आठ-दहा सामने सुटी तिकिटं काढून जा, वेगवेगळ्या बाजूंनी बघा, पण एकदा जागा आवडली की तीच धरा. हे महत्त्वाचं आहे. जागा धरली की शेजारी मिळतात. मला २०१४ मध्ये हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं आणि लागोपाठ तीन सामने चुकले. तिसऱ्या सामन्यानंतर फोन आला. माझ्या डाव्या हाताला उभा राहणारा गवंडी. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी फुटबॉलशिवाय काही बोललो नव्हतो. त्याने माझा नंबर कुठून मिळवला देव जाणे. "तुझ्या जागेवर एक टुरिस्ट उभा राहतोय," म्हणाला, "लवकर बरा हो."

अवे मॅचला, म्हणजे समोरच्या संघाच्या मैदानावर, वर्षातून तीन-चारदा जाच. ग्रिम्सबी, ॲक्रिंग्टन असल्या गावांना दुसऱ्या कुठल्या कारणाने तुम्ही जाणार? अर्धं इंग्लंड मी असंच बघितलं, तेही बहुतेक स्टेशन ते मैदान एवढंच. शाकाहारी असाल तर डबा बॅगेत ठेवा. चीज-कांद्याची पाय मिळते, पण मध्यंतरापर्यंत संपते. मी ठेपले नेतो. ठेपल्यांमुळे माझी ओळख पाच काउंटींत झालेली आहे. आणि घरच्यांना हंगामाचं वेळापत्रक आल्याबरोबर दाखवा. लग्नमुंजी शनिवारीच असतात. दोन-तीनदा सामना सोडावा लागेल, तो मुकाट्याने सोडा. त्याचं पुण्य घरात पुढे वर्षभर कामी येतं.

मुलाच्या शर्टाचं म्हणाल, तर घेऊन द्या. सात वर्षांच्या पोराला शाळेत तोंड दाखवायचं असतं. तोच शर्ट घालून त्याला ब्रॉमलीला घेऊन जा. सामन्यानंतर खेळाडू कठड्याशी येतात, हात मिळवतात, नाव विचारतात. सिटीचा शर्ट बघून कुणी तरी त्याची थट्टा करेल, तीही त्याला आवडेल. पुढचं त्याच्यावर सोडा. मी माझ्या मुलाला सहा वर्षांचा असल्यापासून नेलं, नवव्या पायरीवरची झुडपं दाखवली, बोधपर गोष्टी सांगितल्या. तो आर्सेनलचा आहे. मुलगी मात्र, जिला मी कधी नेलं नाही, ती स्वतःहून यायला लागली आणि आता ट्रस्टच्या सभेत माझ्या विरोधात मत देते.

एक धोका माहीत असू द्या. लहान क्लब मरतो. बरी हा १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. मालकाकडे पैशांचा बंदोबस्त नाही म्हणून २७ ऑगस्ट २०१९ रोजी त्याला लीगमधून काढून टाकलं. सव्वाशे वर्षांची जागा एका संध्याकाळी गेली. आधीच्या दिवसांत तिथली माणसं बादल्या-खराटे घेऊन स्टेडियम धुवायला गेली होती, पुढचा सामना होईल या आशेने. २०२५ मध्ये इथे फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा झाला. क्लबचं नाव, बोधचिन्ह, मैदान यांना आता थोडं संरक्षण आहे. थोडंच. म्हणून मी सांगतो, सामन्याच्या तिकिटाइतकंच समर्थकांच्या संस्थेचं सभासदत्व घ्या आणि ताळेबंद वाचा. हिशेब उशिरा यायला लागले, खेळाडूंचे पगार एखाद्या महिन्यात लांबले, स्टेडियमची जमीन दुसऱ्याच कंपनीच्या नावावर गेली, यातलं एक जरी दिसलं तरी सभेत उठून विचारायचं. मराठी माणूस आहात, सभेत उठायची लाज नाही आपल्याला.

आमचं म्हणाल तर सप्टेंबर २०२४ मध्ये एका रात्रीत वँडल नदीला पूर आला आणि नव्याकोऱ्या मैदानात खड्डा पडला. गवताखालची जमीनच खचली. न्यूकॅसलविरुद्धचा कप सामना त्यांच्या मैदानावर न्यावा लागला. पुन्हा वर्गणी, पुन्हा तीच माणसं. त्याच हंगामाच्या शेवटी, २६ मे २०२५ रोजी, वेम्ब्लीवर वॉल्सॉलला १-० हरवून पुन्हा लीग वनमध्ये गेलो. मुलगी रडली. मी ठेपले वाटले.

तुमच्या त्या म्हाताऱ्याबद्दल. येत्या मंगळवारी जाल तेव्हा त्याच्या शेजारीच उभे राहा, नाव विचारायची घाई करू नका. गुडघा-कंबरेची चौकशी आधी होते, नाव सहा महिन्यांनी कळतं. आणि दोन सामने तो दिसला नाही, तर आजूबाजूला विचारा. कुणाकडे तरी त्याचा नंबर असेल.